अंगवळणी

एम.ए.च्या वेळच्या माझ्या प्रबंधिकेचा कच्चा खर्डा अजून कपाटात आहे. कागद पिवळे पडलेत, टाचण्या गंजल्यात. त्यातल्या एका पानावर समासात पेन्सिलीने दोन शब्द लिहिलेले आहेत : 'भावनिक. काढावे.' ज्या वाक्यापुढे ते लिहिलेत, ते वाक्य असं : 'मुलाबद्दल बोलताना अक्कांचा आवाज बसला, पण हात थांबले नाहीत.'

मी ते वाक्य काढलं. तेव्हा मार्क हवे होते, आणि मार्गदर्शकांचं बरोबरच असणार असं मला मनापासून वाटतही होतं. समाजशास्त्र म्हणजे आकडे, तक्ते, संकल्पना. कुणाचा आवाज बसला ही माहिती कशी होईल?

विषय होता सोलापूरच्या विडी कामगार स्त्रिया. पूर्व भागात मी दारोदार हिंडत होते, हातात प्रश्नावली. तिथल्या बहुतेक घरांत तेलुगू बोलतात, पण माझ्याशी सगळ्या मराठीतच बोलत. त्यांतल्याच एक अक्का. त्या दारातच बसलेल्या असायच्या, उजेडाकडे तोंड करून, मांडीवर सूप. सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. पानं आधी भिजवायची, मग पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापायची. एक पान उचलायचं, चिमटीने तंबाखू पसरायचा, बोटांनी वळायचं, तोंड दुमडायचं, दोऱ्याचे वेढे द्यायचे. हे मी लिहीपर्यंत अक्कांच्या दोन-तीन विड्या झाल्या असत्या. पंचविसाची जुडी बांधताना त्या मोजत नसत. मुठीला कळायचं. मजुरी हजारावर, त्यामुळे दिवसाची सगळी गणितं हजाराच्या भोवती फिरायची. स्वयंपाक, पाणी, पोरांची शाळा हे सगळं त्या हजारातून वेळ चोरून करायचं.

माझा चौदावा प्रश्न होता, 'कामामुळे शरीराला त्रास होतो का?' पुढे दोन चौकोन, होय आणि नाही. अक्का म्हणाल्या, "आता काय पोरी, अंगवळणी पडलंय."

मी 'नाही'च्या चौकोनात खूण केली.

अशी उत्तरं पुष्कळ आली. 'सवय झाली', 'चालायचंच', 'आता कळत बी नाही.' मी प्रत्येक वेळी 'नाही'वर खूण करत गेले. तक्ता तयार झाला तेव्हा 'नाही'चा आकडा मोठा निघाला आणि त्यावर मी एक निष्कर्षही लिहिला, की बहुसंख्य कामगार स्त्रियांना कामाचा शारीरिक त्रास जाणवत नाही. ते वाक्य मात्र कुणी काढायला सांगितलं नाही. ते शास्त्रीय होतं. 'अंगवळणी पडलंय' याचा अर्थ दुखत नाही असा होत नाही, दुखणं आता अंगाचाच भाग झालंय असा होतो, हे मराठी माझी मातृभाषा असून माझ्या लक्षात आलं नाही. आज मी हा विषय शिकवते, आणि ते वाक्य मला अजून टोचतं.

आम्हाला जे शिकवलं गेलं त्यात शरीर नव्हतंच असं नाही. ते मागच्या दाराने यायचं. माक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने सामाजिक क्रियेचे चार प्रकार सांगितले, हे आम्ही घोकून पाठ केलं होतं. उद्दिष्टाकडे बघून केलेली विवेकी क्रिया, मूल्यासाठी केलेली, भावनेच्या भरात केलेली आणि परंपरेने चालत आलेली. पहिली दोन वरच्या पायरीवर, पुढची दोन जवळजवळ क्रिया म्हणायच्याही लायकीची नाहीत अशा कडेला. भावनेने घडलेलं वर्तन समजून घ्यायचं, तर आधी निव्वळ विवेकी वर्तन कसं झालं असतं ते मांडायचं आणि त्यापासून झालेली फारकत बघायची, असं त्याचं म्हणणं. म्हणजे भावना ही फारकत.

आणि वेबर स्वतः? १८९७च्या उन्हाळ्यात त्याचं वडिलांशी कडाक्याचं भांडण झालं. काही आठवड्यांत वडील वारले. त्यानंतर वेबर कोसळला. झोप नाही, वाचन नाही, शिकवणं तर अशक्यच. पुढची कितीतरी वर्षं अशी गेली आणि शेवटी १९०३मध्ये त्याने प्राध्यापकी सोडली. आधुनिक माणसाला जखडणारा विवेकाचा पोलादी पिंजरा ज्याने आपल्याला दाखवला, त्या माणसाचं अंग असं बंद पडलं होतं. हे आम्हाला वर्गात 'चरित्र' म्हणून दोन ओळींत सांगितलं गेलं, सिद्धांत वेगळा. मला आता वाटतं की शिस्तीच्या, कामाच्या, देवाने दिलेल्या कर्तव्याच्या त्या ओझ्याबद्दल त्याने पुढे जे लिहिलं, ते काम न करू शकणाऱ्या देहात कित्येक वर्षं राहिलेल्या माणसाने लिहिलेलं आहे. ते तसं वाचलं तर त्याचं मोल कमी होत नाही. मला तर ते तसं वाचल्यावरच कळलं.

माझे आजोबा मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते. सोलापुरात मिल म्हटलं की कुठली हे विचारायची पद्धत होती, आता सगळ्याच बंद आहेत म्हणून विचारत नाहीत. साचेखात्यात इतका आवाज असायचा की शेजारच्याशी बोलायचं तर ओठ आणि हातवारे. तीस वर्षं त्यात काढल्यावर त्यांचे कान गेले होते. घरी ते ओरडूनच बोलत. "जेवलीस का" हेही ओरडून. त्यांना ऐकू जावं म्हणून आजी ओरडायची, तिच्यामुळे बाबा, आणि बाबांमुळे आम्ही. लहानपणी माझी पक्की समजूत होती की आजोबा सतत रागावलेले असतात. मी त्यांच्यापासून लांब राहायची. ते वारल्यावर आत्याने सांगितलं की माझ्या जन्माच्या दिवशी ते दवाखान्यात रडले होते, तेही असंच मोठ्याने, आणि नर्सबाईंनी येऊन गप्प केलं होतं.

एका कारखान्याने एका माणसाचे कान नेले, इथवर कुठलाही अहवाल लिहील. पण त्या कानांपायी एका घरातल्या मायेचा सूर बदलला, एका नातीच्या मनात आजोबांविषयी भीती बसली, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? मिल बंद पडल्यावर आजोबा संध्याकाळी चालत पूर्व भागात जायचे आणि एखाद्या पॉवरलूमच्या शेडबाहेर उभे राहायचे. आत चादरी विणल्या जात असायच्या, खटखट चालू. विचारलं की म्हणायचे, "बरं वाटतंय तिथं." ज्या आवाजाने कान घेतले त्याच्याच शेजारी त्यांना बरं वाटायचं. शोषण हा शब्द मी मानते, वापरते, तो खराच आहे. पण त्या 'बरं वाटतंय'ला तो पुरत नाही.

मराठीत 'वळण' हा एक विलक्षण शब्द आहे. विडी वळतात. पोरीला वळण लावतात. अक्षराला वळण असतं, हाताला वळण असतं, आणि जे सतत करावं लागतं ते अंगवळणी पडतं. पियेर बोर्दिय या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने आयुष्यभर जी गोष्ट सांगितली, ती हीच. समाज आपल्यात नियमांच्या रूपाने कमी आणि सवयींच्या रूपाने जास्त उतरतो. कसं बसायचं, किती जागा व्यापायची, कुणापुढे मान खाली घालायची, कुठे आवाज चढवायचा, हे आपण शिकतो आणि शिकल्याचं विसरतो. त्याने यासाठी लॅटिनमधला 'हॅबिटस' हा शब्द घेतला. वर्गात मी तो तासभर समजावून सांगते, फळ्यावर बाण काढते, आणि मुलं गोंधळलेल्या चेहऱ्याने वहीत उतरवतात. एकदा नुसतं म्हटलं, 'जे अंगवळणी पडलंय ते.' सगळ्या वर्गाने माना हलवल्या.

बोर्दियच्याही आधी, १९३४ साली, मार्सेल मोस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने पॅरिसमध्ये एक व्याख्यान दिलं होतं, शरीराच्या तंत्रांवर. मला त्यातली फावड्यांची गोष्ट फार आवडते. पहिल्या महायुद्धात तो इंग्रज सैनिकांबरोबर होता. त्या सैनिकांना फ्रेंच फावड्याने खणता येईना. फ्रेंच तुकडीची जागा इंग्रज तुकडीने घेतली की एकेका डिव्हिजनमागे ८,००० फावडी बदलावी लागायची. खणणं तेच, माती तीच, पण हात वेगळ्या देशात वाढलेले. मोस म्हणतो, चालणं, पोहणं, बसणं, झोपणं, यातलं काहीच निव्वळ 'नैसर्गिक' नाही. हे वाचताना मला आईच्या भाकरीची आठवण झाली. ती पुण्यात माझ्या मावसबहिणीकडे गेली तेव्हा ओट्यासमोर उभं राहून तिला भाकरी थापता येईना. जन्मभर मांडी घालून परातीत थापलेली. भाकरी तीच, पीठ आपल्याच मंगळवेढ्याच्या ज्वारीचं, पण हातांना जमीन सापडेना. तिला रडू आलं, भाकरी मोडली म्हणून नाही, आपण परक्या घरी आहोत हे हातांनी सांगितलं म्हणून.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला बरीच वर्षं लागली.

दहावीत असताना मी एका मैत्रिणीच्या घरी गेले होते. उन्हाळा होता, सोलापूरचा उन्हाळा, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. तिच्या आईने तांब्या-पेला पुढे केला. आणि माझा हात थांबला. क्षणभरच. मग मी पेला घेतला, पाणी प्यायले, छान गप्पा झाल्या. पण तिच्या आईने तो क्षण पाहिला होता. मीही त्यांच्या डोळ्यांत तो पाहिला. आमच्या घरात मला कुणीही कधी 'त्यांच्याकडे पाणी पिऊ नकोस' असं सांगितलेलं नव्हतं. उलट बाबा समतेच्या गोष्टी सांगत. मग हाताला कुणी शिकवलं? आजीच्या एखाद्या न बोललेल्या हालचालीने, मोलकरणीसाठी कोनाड्यात उलटा ठेवलेल्या वेगळ्या कपाने, कुठल्याशा लग्नातल्या वेगळ्या पंगतीने. डोक्याने जे नाकारलं होतं ते हाताने जपून ठेवलं होतं.

डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली लिहिलं की जात म्हणजे विटांची भिंत नव्हे, काटेरी तारेचं कुंपण नव्हे, ती मनाची एक अवस्था आहे, म्हणून ती पाडायची तर मनं बदलावी लागतील. जातिव्यवस्थेचं वर्णन त्यांनी आणखी एका ठिकाणी असं केलंय, की वर चढत जाणारी आदराची आणि खाली उतरत जाणारी तिरस्काराची उतरंड. मला या वर्णनाचं नेहमी आश्चर्य वाटत आलंय. समाजरचनेची व्याख्या त्यांनी भावनांमध्ये केली. आदर आणि तिरस्कार या तिथे रचनेवर चढवलेल्या छटा नाहीत, रचनाच त्यांची बनलेली आहे. आणि ते हे लिहू शकले कारण तहान म्हणजे काय ते त्यांच्या घशाला माहीत होतं. १९०१ साली लहानपणी वडिलांना भेटायला कोरेगावला जाताना मसूर स्टेशनपासून रात्रभर पाणी न मिळाल्याची हकिगत त्यांनीच लिहून ठेवली आहे. पुढे २० मार्च १९२७ला महाडच्या चवदार तळ्यावर त्यांनी ओंजळीने पाणी प्यायलं. जगातल्या कितीतरी क्रांत्या घोषणांनी सुरू झाल्या असतील, ही एका घोटाने झाली. त्यानंतर तळं 'शुद्ध' करायला पंचगव्य मिसळलेल्या १०८ घागरी मंत्र म्हणत ओतल्या गेल्या. ज्यांनी ओतल्या त्यांनाही काहीतरी वाटत होतं, किळस, भीती, धर्म बुडाल्याचं दुःख. त्यांच्यासाठी ते खरंखुरं वाटणं होतं.

म्हणून 'भावनेचं ऐका, ती खरं बोलते' असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. माझ्या हाताची ती थबक हीसुद्धा भावनाच होती. किळस आतून येते, म्हणून ती आपली वाटते, पण ती आपल्याला दिली गेलेली असते. माझं म्हणणं इतकंच, की ती बाजूला सारून जात कळणार नाही. जात कुठे राहते असं मला कुणी विचारलं, तर मी पेल्यापाशी थांबलेल्या त्या हाताकडे बोट दाखवेन.

संक्रांतीला आमच्याकडे गड्डा, म्हणजे मोठी जत्रा, भरतो. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, पांढरी बाराबंदी घातलेली माणसं ते पेलत अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला जातात. उंचच उंच काठी, ती उभी धरून चालायचं, तोल एकट्याने सांभाळायचा, भोवती दोर धरणारे, पुढे हलग्या. यात्रेच्या आधी कितीतरी रात्री गल्लीत सराव चालतो. मी लहानपणी तो बघत उभी राहायची. शिकवणारे फारसं काही बोलत नसत. शिकणाऱ्याच्या पाठीला हात लावायचे, कमरेला जरा पुढे रेटायचे, "आता सोड" म्हणायचे. हे ज्ञान पुस्तकात मावणारं नव्हतं, ते एका पाठीतून दुसऱ्या पाठीत जात होतं. यात्रेतल्या लग्नसोहळ्याच्या अक्षता पडतात तेव्हा सम्मती कट्ट्यापाशी हजारो हात एकदम वर उठतात, 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र'चा गजर होतो, आणि मी कितीही शिकलेली असले तरी माझ्या अंगावर काटा येतो. एमिल द्यूर्खेम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९१२ साली या अवस्थेला नाव दिलं, सामूहिक उसळी म्हणूया. ज्याने आधी सामाजिक तथ्यांकडे 'वस्तू' म्हणून पाहायला सांगितलं होतं, त्यालाच शेवटी मान्य करावं लागलं की समाज पहिल्यांदा घडतो तो जमलेल्या देहांच्या तापात. तो ज्या ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींबद्दल लिहीत होता त्यांच्यात तो कधी गेला नव्हता, दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचून त्याने हे ओळखलं. तो गड्ड्यात आला असता तर, असं मला दरवर्षी वाटतं. आणि हेही, की हीच उसळी दंगलीतही असते. काटा दोन्हीकडे सारखाच येतो.

भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव आहेत. घाम, रोमांच, कंप, स्वर फुटणं, रंग उडणं, अश्रू, खिळून जाणं, शुद्ध हरपणं. मन आणि अंग यांच्यामधली रेघ तिथे फार ठळक नाही. आपल्या बोलीतही नाही. आपली माया पोटात असते, राग पोटात असतो, गुपित पोटात असतं आणि भीतीचा गोळाही पोटातच येतो. असं बोलणाऱ्या माणसांना 'मन विरुद्ध शरीर' शिकायला विद्यापीठात जावं लागलं.

दोन वर्षांपूर्वी गड्ड्याला शेजारची मुलगी पुण्याहून आली होती. कॉल सेंटरला असते. पूर्वी ही पोरगी घरात शिरण्याआधी गल्लीला कळायचं. त्या वेळी नुसती बसून. तिची आई म्हणाली, "बोल की ग, काय झालंय?" तर म्हणाली, "दिवसभर गोड बोलून बोलून आता बोलावंच वाटत नाही." शिव्या खाऊनही फोनवर हसतमुख राहायचं, समोरच्याला ते हसू ऐकू गेलं पाहिजे, त्यावर मार्क असतात. मला आर्ली हॉक्शील्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईची आठवण झाली. तिने १९८३मध्ये विमानसेविकांवर लिहिलं आणि 'भावनिक श्रम' हा शब्द दिला. पगारासाठी चेहराच नव्हे तर आतलं वाटणंही वळवावं लागतं, आणि मग आपलं खरं वाटणं कुठलं हे सापडेनासं होतं. आजोबांचे कान गेले, या पोरीचं हसू जातंय. एकाच शहरातली, दोन पिढ्यांची कमाई.

आमच्याच जिल्ह्यातल्या पंढरपूरच्या वाटेवर इरावती कर्वे चालल्या होत्या. बर्लिनमध्ये कवट्या मोजण्याचं शास्त्र शिकून आलेली ही विदुषी, जिच्यासाठी माणसाचं शरीर आधी एक मोजमाप होतं, ती पालखीबरोबर पायी निघाली. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे एकच अभंग गातात पण जेवायला वेगळे बसतात, हे पाहून रोज वाईट वाटायचं, असं तिने लिहून ठेवलंय. तिचं ते वाईट वाटणं ही टिपण आहे की भावना? माझ्या मार्गदर्शकांनी समासात काय लिहिलं असतं, कोण जाणे. मला विचाराल तर वारीविषयीचं सगळ्यात नेमकं निरीक्षण तेच आहे, आणि ते पायांनी केलेलं आहे.

मागच्या पावसाळ्यात मी कुंभारीला गेले होते. विडी कामगारांच्या चळवळीतून तिथे १०,००० घरांची वसाहत उभी राहिली, कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाची. अक्का आता तिथे मुलीकडे राहतात, हे कळलं होतं. घर शोधायला तासभर लागला. त्यांनी मला ओळखलं नाही, पण बसवून घेतलं. डोळ्यांत मोतीबिंदू, मांडीवर सूप नाही. मी सांगितलं की खूप वर्षांपूर्वी तुम्हाला प्रश्न विचारायला यायची ती मी, आणि एका प्रश्नाचं तुमचं उत्तर मी चुकीचं लिहिलं होतं. त्या हसल्या. "एवढ्यासाठी आलीस व्हय?"

मग त्यांनी माझा उजवा हात हातात घेतला. मधल्या बोटाच्या पेरावर, जिथे पेन टेकतं, तिथे घट्टा आहे. त्यावर त्यांनी अंगठा फिरवला, दाबून बघितलं.

"लिहायचं काम करतीस."

"हो."

"किती वेळ बसतीस?"

"सात-आठ तास होतात."

"पाठ दुखती का?"

मी होय म्हणाले. त्यांनी मान हलवली, हात तसाच धरून ठेवला, आणि आत मुलीला हाक मारून म्हणाल्या, "चहा टाक ग, ही बी दमलीय."